चार नंबरची पेटी

“बाय, तान्ह्या पोराचे खोलीन तमाखू नको ठेवू गो,” असं शेवंतीनं सांगितलं होतं, आणि सुमती हसली होती. हसण्यात कुचेष्टा नव्हती. शेवंती म्हणजे तेलमालिशवाली म्हातारी आगरीण. सुमतीच्या तान्ह्या मुलाच्या, भाऊच्या, जन्माच्या तिसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी यायची, त्याला पायांवर पालथा घालून तेल चोळायची, न्हाऊ घालायची, आणि शेगडीवर ओवा, शेपा, वावडिंग, लसणाची सालपटं टाकून त्याला धुरी द्यायची. तिचा हात सुमतीच्या डोळ्यांसमोर इतका वेळ असायचा की त्या हाताबद्दल तिच्या मनात आईबद्दल वाटावी तशी माया होती. सुमतीची स्वतःची आई लहानपणीच गेलेली, म्हणून तर बाळंतपण माहेरी न होता इथे ठाण्यात, तळ्यामागच्या या भाड्याच्या घरात झालं. तरी ती हसली. “अगं शेवंती, कोरडा पाला तो. पेटवलाय थोडाच?” ती म्हणाली. शेवंतीनं भाऊच्या टाळूवर तेल थापलं, तंबाखूच्या पेटीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, “कोरडा तर कोरडा. पन वास कंदी कोरडा नसतो.” हे वाक्य सुमतीला आवडलं. तिनं ते संध्याकाळी यजमानांना, श्रीपादला, सांगितलं, दोघंही पुन्हा हसली, आणि पेट्या होत्या तिथेच राहिल्या.

पेट्या चार होत्या. देवदारी लाकडाच्या, बिजागरीच्या, आणि प्रत्येकीवर श्रीपादनं काळ्या शाईनं आकडा घातलेला. श्रीपाद धनजीशेटकडे कारकून होता. धनजीशेट साहेबलोकांना माल पुरवायचे, आणि त्यातला नाजूक माल म्हणजे मद्रासकडून येणारे हाती वळलेले चिरूट. त्या श्रावणात गोदामात ओल आली. ठाण्याची हवा खाडीची. चिरुटाच्या वरच्या पानावर दोन दिवसांत पांढरी बुरशी धरायची. शेट डोक्याला हात लावून बसले आणि श्रीपादला आठवलं, की अख्ख्या ठाण्यात आपल्याला ठाऊक असलेली एकच खोली खडखडीत कोरडी आहे. बाळंतिणीची खोली. तिथे शेगडी दिवसभर धुमसायची. चार पेट्या आल्या, झाकणं किलकिली ठेवून भिंतीशी मांडल्या गेल्या. तीन खिडकीकडच्या भिंतीला. चौथीला जागा नव्हती, ती पाळण्याखाली सरकवली.

अडीच महिन्यांनी, दसरा होऊन गेल्यावर एका गुरुवारी दुपारी, धनजीशेट स्वतः घरी आले. शेट घरी येणं म्हणजे काहीतरी बिनसलं असणार. भाऊला मांडीवर घेऊन सुमती मधल्या दाराआड बसली. बाहेर खुर्ची सरकली. मग शेटचा आवाज. “श्रीपाद, कल्याणच्या इंजिनियरसाहेबाचा कागद आला. चार पेट्या त्याला नमुना पाठवल्या ने? एक, दोन, तीन ठीक म्हणते. पण चार नंबर! चार नंबरला म्हणते, वीस वर्षं हिंदुस्थानात हाय, असा चिरूट ओढला नाय. यात काय घातला ते सांग, म्हणते. अरे डिकरा, आपण काय घातला?” श्रीपाद म्हणाला, “काहीच नाही, शेट. जसा आला तसा दिला.” “म्हणून तर आलो. दोन-चार परत मागवून घेतले. आता मीज बघते.”

पुढचा अर्धा तास सुमतीनं दाराच्या फटीतून पाहिला. ती असं काही पहिल्यांदाच पाहत होती. चिरूट ओढतात एवढंच तिला ठाऊक होतं. चिरूट तपासतात हे नव्हतं. शेटनी आधी तो नुसता पाहिला, उजेडाकडे धरून, फिरवून, वरच्या पानाच्या शिरा उभ्या आहेत की तिरप्या ते. मग अंगठा नि दोन बोटांत धरून तो कानाशी नेला आणि हलकेच चोळला, जसं एखादं मूल झोपलंय की जागं हे आपण कान लावून ऐकतो. “बोलते,” शेट म्हणाले, “पण जास्ती नाय. चांगला.” मग हुंगणं, एकदा टोकाशी, एकदा पोटाशी. चाकूनं एक टोक उडवलं आणि न पेटवताच ओढला. गाल आत गेले, डोळे मिटले. नंतर चिरुटाला थेट काडी न लावता देवदाराची एक ढलपी पेटवून तिच्या ज्योतीवर टोक दुरूनच शेकलं. पहिला झुरका. राख लांबत गेली, पांढरी, घट्ट, बोटाएवढी झाली तरी पडेना. एक तृतीयांश झाल्यावर शेट म्हणाले, “पान तेज हाय, मद्रासी, तेमां शक नाय. पण पाठीमागे कंई बीजूं, दुसरा काय तरी हाय. गोड हाय, कडू बी हाय. जिरा? नाय. बडीशोप? नाय रे. घरासारखा वास हाय. कोणाच्या तरी घरासारखा.” आणि दाराआड सुमतीनं नाक फटीशी नेलं. कारण धूर फटीतून आत आला होता आणि त्या धुराला तिनं ओळखलं होतं. ओवा, शेपा, वावडिंग. लसणाचं सालपट. शेवंतीची शेगडी. शेट तिची खोली ओढत होते.

तिला हसू आलं, आणि त्याच्या पाठोपाठ जे आलं ते हसण्यापेक्षा मोठं होतं. तो चिरूट स्वतः ओढून पाहिल्याशिवाय तिला आता राहवेना. शेट गेले, श्रीपाद त्यांना पोचवायला गेला, आणि पाटावर चार नंबरचे दोन चिरूट तसेच उरले. एक तिनं पदराआड घेतला. चोरी अशी तिला वाटलीच नाही. वडील तपकीर ओढायचे. शाळामास्तर, बायको गेलेली, मुलगी हाच विरंगुळा. ते तिचे डोळे बांधून चार चिमट्या नाकाशी धरायचे आणि विचारायचे, “ओळख पाहू, कोणती पुण्याची?” ती दरवेळी ओळखायची. पुढे त्यांनी तिला कॉलेजात घातलं, प्रीव्हियसपर्यंत, म्हणजे पहिलं वर्ष. अठरा वर्षांची होईतो लग्न केलं नाही म्हणून लोकांनी काय काय म्हटलं. कॉलेजात रसायनाच्या तासाला प्रोफेसरांनी एकदा नवसागराच्या वायूची, अमोनियाची, बाटली टेबलावर उघडली होती आणि सांगितलं होतं, ज्याला वास येईल त्यानं हात वर करावा. वर्गात ती एकटीच मुलगी, पहिल्या बाकावर बाजूला बसलेली. हात लाटेसारखे मागे मागे वर होत गेले. प्रोफेसर म्हणाले, वायूला भिंत ठाऊक नसते, तो जिथे नाही तिथे जातो, आणि जिथून गेला तिथे दुसरा येतो. तिनं वहीत लिहून घेतलं होतं. परीक्षेत तोच प्रश्न आला आणि तिला पुरे गुण मिळाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी श्रीपाद कचेरीत, भाऊ पाळण्यात. सुमती परसात न्हाणीघराच्या चुलखंडाशी गेली. पाणी तापवायला लाकडं सारलेली होती. त्या धुरात आणखी एक धूर कुणाच्या नजरेत आला नसता. तरी तिनं शेजारच्या भिंतीकडे दोनदा पाहिलं. मग शेटनी केलं तसंच सगळं, क्रमानं, अभ्यासासारखं. शिरा पाहिल्या. रंग भाजलेल्या डिंकासारखा, कडेनं थोडा तेलकट. कानाशी नेला, कोरड्या पानाची अगदी बारीक कुरकुर, आणि मध्येच एक मऊ जागा, जिथे ती कुरकुर थांबायची. हुंगला. टोकाला तंबाखू, उग्र, नव्या चामड्याच्या जिनासारखी. पोटाशी मात्र वेगळंच काही, थबकायला लावणारं. विळीनं टोक कापलं आणि न पेटवता ओढून पाहिला. जिभेवर मिठाची चव आली, मग मेथीच्या लाडवाची. तिला मोठं नवल वाटलं. पानाला जीभ नसते, नाक नसतं, मग त्यानं हे सगळं घेतलं कशानं? चिमट्यानं निखारा उचलून तिनं टोक दुरून शेकलं आणि पहिला झुरका तोंडातच ठेवला, गिळला नाही, अंगावर पाजतेय याचं भान होतं. टाळूला चटका बसला, डोळ्यांत पाणी आलं. तो ओसरल्यावर एकेक गोष्ट उलगडू लागली, जशा अंधाऱ्या खोलीत शिरल्यावर हळूहळू वस्तू दिसायला लागतात. आधी ओवा. मग शेपा. मग नारळाचं तेल, हळद घातलेलं. मग सुती दुपट्याचा वास, उन्हात वाळलेल्या; तो तिनं कधी वास म्हणून मोजला नव्हता. आणि सगळ्यांच्या तळाशी, दुसऱ्या झुरक्याच्या शेवटी, एक किंचित आंबूस गोडी. दूध. तिचं स्वतःचं, भाऊनं गुळणी टाकलेलं, पाळण्याच्या झोळीतून ठिबकलेलं. ती चुलखंडाशी उकिडवी बसून स्वतःलाच चाखत होती.

चांगला होता तो चिरूट. हे तिला लपवायचं नाही. किती चांगला, असं कुणी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, की पहिल्या भागात तेज, दुसऱ्यात गोडवा, आणि तिसऱ्यात एक असा काही स्वर की माणसाला घरी जावंसं वाटावं. तिला इंजिनियरसाहेबाची दया आली. कल्याणच्या बंगल्यात वीस वर्षं एकटा बसलेला माणूस, आणि त्याच्या तोंडात एका ठाणेकरणीच्या बाळंतपणाची खोली. तिनं राख पाहिली. पांढरी, न पडणारी. आपण पहिल्यांदाच काहीतरी शोधून काढलंय, वहीत लिहून घेतलेलं नाही, स्वतः काढलंय, असं वाटून तिचा चेहरा तापला. आणि मग, चिरूट चुलीत टाकून, मिठाच्या पाण्यानं सात चुळा भरून, हात राखेनं घासून ती आत आली तेव्हा भाऊ जागा होता.

जागा होता आणि पाळण्यावर टांगलेल्या लाकडी चिमण्यांकडे पाहत पडला होता. रडत नव्हता. भाऊ रडायचा नाहीच. त्याचं नाव भालचंद्र ठेवलं होतं, पण शेजारच्या बायका त्याला गुणी भाऊ म्हणायच्या. भूक लागली तरी ओठ हलवायचा फक्त. किती पुण्यवान तू, असं म्हणून बायका कानशिलांवर बोटं मोडायच्या, आणि सुमतीला आतून एक बारीक काळजी कुरतडायची, की पुण्य असं इतकं गप्प असतं का. पण काळजी करायची तिला सवयच. दूध कमी पडतं का, पाठ गरम लागते का, श्वास मोजायचा, हे सगळं तिला स्वतःलाच हास्यास्पद वाटायचं, म्हणून ही काळजीही तिनं त्याच ढिगात टाकली होती. आज तिनं त्याला उचललं. का कोण जाणे, आधी उजेडाकडे धरलं. कातडीखालच्या निळ्या शिरा. मग कानाशी नेलं, छातीशी कान लावला. मग टाळू हुंगली.

वर तेल. त्याखाली ओवा, शेपा. त्याखाली दुपट्याचं ऊन. हे सगळं तिनं आत्ताच चाखलं होतं, त्याच क्रमानं. आणि सगळ्यांच्या तळाशी, जिथे चिरुटात दूध होतं, तिथे भाऊच्या टाळूत तंबाखू होती. उग्र, नव्या चामड्याच्या जिनासारखी.

तिनं त्याला पुन्हा हुंगलं. मानेशी. काखेत. तळव्यांना. मग ती पाळण्याशेजारी खाली बसली. वायूला भिंत ठाऊक नसते. जिथून गेला तिथे दुसरा येतो. अडीच महिने खोली पेटीत जात होती, तर पेटी कुठे जात होती? तिला पुरे गुण मिळाले होते या प्रश्नाला. वास कंदी कोरडा नसतो, असं तेल चोळता चोळता एका बाईनं तिला सांगितलं होतं, जिला वही ठाऊक नव्हती. सुमतीनं पाळण्याखाली पाहिलं; पहिल्या चारही पेट्या कल्याणला गेलेल्या, पण त्याच दिवशी श्रीपादनं त्यांच्या जागी नव्या ठेवल्या होत्या, आकडे घातलेल्या, झाकणं बोटभर उघडी. पाळण्याखालची तिनं दोन्ही हातांनी ओढून काढली. पेटी ओटीवर नेली. मग दुसरी. मग तिसरी, चौथी.

श्रीपाद संध्याकाळी आला तेव्हा ओटीवर पेट्यांची रांग पाहून चपापला. तिनं त्याला पाणी दिलं आणि म्हणाली, “चार नंबरमध्ये काय आहे ते मला कळलंय.” आणि तिनं सांगितलं. धुरी, ओवा, शेपा, पाळण्याखालची जागा. ती सांगत गेली तसा त्याचा चेहरा उजळत गेला. तो उठून येरझाऱ्या घालू लागला. “काय सांगतेस! अगं, काय डोकं चालवलंस! शेटना सांगतो, हे आमच्या घरात शोधून काढलं म्हणून. त्यांचं सगळं आयुष्य गेलं यात, त्यांना नाही कळलं!” तिला बोलायचं होतं पुढचं अर्धं. जिभेवर आलं होतं. पण पुढचं अर्धं सांगायचं म्हणजे हेही सांगायचं, की शेवंतीनं बजावलं होतं, आपण दोघं हसलो होतो, आणि मी, शिकलेली आई, पोराच्या टाळूला तंबाखू लागेपर्यंत हुंगलं नाही. तो तिच्याकडे अशा कौतुकानं पाहत होता, की वडील गेल्यापासून तिच्याकडे तसं कुणी पाहिलं नव्हतं. तिनं फक्त एवढंच म्हटलं, “पेट्या मात्र इथे नकोत आता. दिवाळीला वन्सं येणार, खोली लागेल.” “लागेल खरी,” तो म्हणाला. “बघू काहीतरी.”

शेटनी बघितलं. ठाण्यात बाळंतिणी काय थोड्या असतात? सोमवारी सकाळी पेट्या न्यायला काळुराम आला. काळुराम मिठागरावर कामाला, खाडीपलीकडच्या कळव्याचा; फावल्या वेळी शेटचा माल वाहायचा. पेटी डोक्यावर घेताना तो खुशीत होता. “बाय, आता या आमचे घरान जातान. माजी बायको गोदा बालंत झाली ना, दहा दिस झालं. पोरगी हाय. शेठ बोल्लं, धुरीचा ओवा-बिवा सगला मी धाडतो, वर गोदाला गूळखोबरा. मना काय, पेटी नुसती पालन्याखाली ठेवाची.” सुमतीनं दाराची कड धरली. “पाळण्याखालीच?” तिनं विचारलं. “त्याच जागेची चव लागते बोल्लं शेठ.” ती काहीतरी बोलणार होती. आत भाऊनं हालचाल केली, आणि ती वळली, आणि ती परत बाहेर येईतो काळुराम गल्लीच्या टोकाशी होता. असं तिनं स्वतःला अनेकदा सांगितलं आहे. खरं म्हणजे भाऊनं हालचाल केली नव्हती. ती नुसतीच वळली होती.

पेट्या गेल्यावर चौथ्या दिवशी भाऊ रडला. आधी कुरकुर, मग ओठ काढून, मग मुठी आवळून, तांबडालाल होऊन, अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं. शेजारच्या बायका धावत आल्या. दृष्ट लागली, पोट दुखतं, घुटी उगाळ. सुमती त्याला छातीशी धरून हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि बायका एकमेकींकडे पाहत होत्या. तो दूध ओढून ओढून प्यायला. आजवर इतकं जोर लावून तो कधी प्यायलाच नव्हता, हे तिला आत्ता कळलं. त्यानंतर तो रोज रडू लागला. शेवंती असती तर तिनं ओळखलं असतं. पण शेवंती दिवा गावाला लेकीच्या बाळंतपणाला गेलेली, देवदिवाळीपर्यंत काही यायची नाही. भाऊ रडला की सुमतीला बरं वाटायचं, आणि तो गप्प झाला की खाडीपलीकडची शांतता ऐकू यायची.

दिवाळीच्या आधल्या आठवड्यात काळुराम कचेरीचा निरोप घेऊन दारात आला. भाऊचं रडणं चाललंच होतं. “काय गो बाय, तुझा पोर तर खाडीपार आयकू येतं,” तो हसला. सुमतीनं विचारलं, “गोदाची मुलगी कशी आहे?” “लय गुनी,” काळुराम म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर बापाचा अभिमान होता. “पैले लय डोका खाल्लान तिनी. आता रडतच नाय. निजतं न् निजतं. उठवली तं ओठ हालवतं फक्त.”

मग ती बोलली. सगळं. पेट्या काढ, आज काढ, माझंच चुकलं होतं, वास आत शिरतो, भाऊसुद्धा असाच गप्प होता, शेवंतीनं मला सांगितलं होतं. ती इतकी भराभरा बोलत होती की काळुराम एक पाऊल मागे सरला. मग तो समजूत घालावी तसा म्हणाला, “शेवंती आमाला पन बोल्ली व्हती, दिव्याला जावचे आधी. मी बोल्लू, अगो, बामनाची शिकलेली बाय, तिचे खोलीन अडीच म्हयने व्हत्या. तिचे पोराला काय झाला?” आणि हसून पुढे म्हणाला, “कोरडा पाला त्यो, बाय. पेटवलाय थोडाच? तूच बोल्लेलीस ना शेवंतीला?” तिनं त्याला सांगितलं, की आता बघ, पेट्या काढल्यावर भाऊ कसा रडायला लागला. “त्याच तं सांगतू,” काळुराम म्हणाला. “पेट्या काढल्या न् पोर रडाला लागला. मंग आमची निजते ती काय वायट?”

संध्याकाळी तिनं श्रीपादला सांगितलं, अगदी पहिल्यापासून, हसण्यापासून. त्यानं ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नाही. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “तुझं आपलं मूल रडलं तरी काळजी, नाही रडलं तरी काळजी. साहेबाचा नाताळचा माल एवढा जाऊ दे, मग हलवायला सांगतो शेटना.” नाताळ म्हणजे अजून दोन महिने. तिनं स्वतः जायचं म्हटलं, तर तो उठून दिव्याची वात सारखी करू लागला. भटाघरची सून, अंगावर पिणारं मूल, होडीत बसून मिठागराच्या झोपडीत जायची, हे त्याच्या नजरेत कुठेच बसत नव्हतं. वेडी म्हणाले असते ते तिला चाललं असतं. पण वेडीचं गोदा तरी कशाला ऐकेल?

म्हणून सुमती आता परसातल्या पायरीवर बसून हे लिहिते आहे, मांडीवर भाऊ, एका हातानं त्याला थोपटत. तिचं तुमच्याकडे फार मागणं नाही. तुमच्यापैकी कुणाचं कळव्याकडे जाणं असेल, तर होडीतून उतरल्यावर मिठागराच्या बांधानं उजव्या हाताला जा. तिसरी झोपडी काळुरामची. दारात धुरीची शेगडी असेल, ओव्याचा वास तुम्हांला आधीच लागेल, फार सुंदर वास आहे तो, त्याला भुलू नका. गोदाला सांगा, ठाण्याच्या बाईनं पाठवलंय. आत वाकून पाळण्यात बघा. पोर रडत असेल, तर काही म्हणू नका, चार घटका बसा, पाणी प्या, आणि परत या. निजलेली असेल, तर तिला उठवा. आणि उठवून ती नुसतेच ओठ हलवत असेल, तर कुणाला न विचारता पाळण्याखाली हात घाला.